कशासाठी हवाय?
पेठ, दुकान आणि मॉल : लेखांक ६

गेल्या आठवड्यात डी-मार्ट या दुकानसाखळीची स्वस्ताई येते कुठून, ते आपण पाहिलं. २००२ साली पवईत पहिलं दुकान उघडल्यापासून तिचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांचं सूत्र साधं आहे. जागा शक्यतो स्वतःची घ्यायची, माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे, त्या बदल्यात भाव कमी करून घ्यायचा आणि ती सूट गिऱ्हाइकाला द्यायची. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला हे जमणारं नाही. तो घाऊक व्यापाऱ्याकडून नाहीतर एजन्सीच्या सेल्समनकडून माल घेतो. तेलाच्या पिशवीवर, साबणाच्या वडीवर त्याला सुटतं ते मुळात थोडं. त्यातून सूट देत बसला तर दुकानच बसेल. भावात तो हरलेलाच आहे, तरी गल्लोगल्ली उभा आहे.

याचं उत्तर 'आपुलकी' असं चटकन दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. गोड बोलायला मॉलमधल्या पोरांनाही शिकवतात. किराणावाल्याकडे असते ती आपल्या घराची माहिती.

तांदूळच घ्या. मॉलमध्ये वीस प्रकारच्या पिशव्या एकीपुढे एक लावलेल्या असतात आणि आपण भाव वाचत पुढे सरकतो. दुकानदार आधी विचारतो, "कशासाठी हवाय?" घरात लहान बाळ आहे, आजारी माणूस आहे, तर आंबेमोहर. दाणा आखूड, भात मऊ, पेजेला छान. रोजच्या वरणभाताला वास आणि चिकटपणा आवडत असेल तर इंद्रायणी. हा तांदूळ मावळातला, वडगावच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहरापासून संकर करून काढलेला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिलेला. मसालेभाताला मोकळा दाणा हवा, मग कोलम. देताना तो सांगतो, "नवा आहे वहिनी, पाणी कमी घाला." या चार शब्दांनी पहिल्या दिवशीच्या भाताचा गोळा होणं टळतं. पिशवीवर एवढं सगळं छापलेलं असतं, पण हे नसतं.

प्रश्न विचारणारा हा माणूस जाणूनबुजून काढून टाकला गेला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. तोवर तिकडेही काउंटरपलीकडचा नोकर यादी ऐकून माल काढून देत असे. साँडर्सने गिऱ्हाइकाच्या हातात टोपली दिली आणि त्याला थेट फळ्यांमध्ये सोडलं. नोकरांवरचा खर्च वाचला, माल स्वस्त देता आला. आजचं प्रत्येक सुपरमार्केट त्याच वाटेने चालतं. स्वस्ताईचं मोल म्हणून तिथे शोधण्याचं, उचलण्याचं, निवडण्याचं काम आपण करतो.

दुसरी गोष्ट वहीची. "लिहून ठेवा" हे दोन शब्द मॉलमध्ये चालत नाहीत. रोजंदारीवरच्या घराला पाच किलोच्या पिशवीवरची सूट काय कामाची? त्याला आज पाव किलो साखर हवी असते, दहा रुपयांची चहापूड हवी असते आणि पैसे शनिवारी मिळणार असतात. ही उधारी बिनव्याजी असते. तिच्यात दुकानदाराचं भांडवल अडकतं, काही वेळा बुडतंही. कोणाला किती द्यायचं, कोणाला हळूच थांबवायचं, हा अंदाज वर्षानुवर्षांच्या ओळखीतून येतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा कितीतरी घरांत या वहीवर चूल पेटली. ते विसरणं मला कृतघ्नपणाचं वाटतं.

पण ओळखीच्या जोरावर काहीही खपतं असं समजणारे दुकानदारही मी पाहिलेत. लहानपणी आम्ही ज्या दुकानांतून माल घेत होतो त्यातल्या एकात रवा दोनदा अळ्यांचा निघाला आणि परत न्यायला गेलेल्या आईलाच चार शब्द ऐकावे लागले. आईने ते दुकान त्या दिवशी सोडलं. मुदत संपलेला पुडा बदलून देणं, काटा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवणं, छापील किमतीवर एक रुपया न लावणं, ही सेवेची पहिली पायरी आहे. ती चुकली की घरपोच सामानालाही अर्थ उरत नाही.

या सेवेचा खर्च कुठल्याच हिशेबात धरला जात नाही, याची मात्र मला काळजी वाटते. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत गल्ल्यावर बसायचं. दुपारी बायको, संध्याकाळी कॉलेजातून आलेला मुलगा. या तासांचा पगार कोणीच घेत नाही, म्हणून दुकान परवडतं. पुढची पिढी नोकरीला लागली की हे गणित कोसळतं, मॉल शेजारी असो वा नसो.

आमच्या वाण्याचा मुलगा आता हिंजवडीला नोकरीला जातो. मागच्या महिन्यात यादी द्यायला गेलो तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काका, कोणाकडे कुठला तांदूळ जातो, कोणाला साखर चालत नाही, हे सगळं एकदा लिहून तरी ठेवा." त्यांनी माझी यादी वाचली, हिंग राहिलाय म्हणून स्वतःच खाली लिहिला आणि म्हणाले, "ते कुठं लिहितात होय? ते पाठच असतं."