थरच्या गडांची पन्नास वर्षं

१९७१ च्या डिसेंबरात राजस्थानच्या वाळवंटात दोन मोठ्या घटना घडल्या. महिन्याच्या सुरुवातीला जैसलमेरजवळच्या लोंगेवाला चौकीवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले आणि महिना सरता सरता संस्थानिकांचे तनखे कायद्याने बंद झाले. युद्ध दोन आठवड्यांत संपलं. तनखे बंद झाल्याचा परिणाम मात्र तिथल्या गडांवर आणि राजवाड्यांवर आजही दिसतो. दरबारच्या खर्चावर उभ्या असलेल्या या वास्तूंना आता स्वतःचं पोट स्वतः भरायचं होतं.

सगळ्यात आधी जाग आली ती जोधपूरला. महाराजा गजसिंह यांनी १९७२ मध्ये न्यास स्थापन करून मेहरानगढ त्याच्या हाती दिला. राव जोधांनी १४५९ मध्ये पायाभरणी केलेला हा गड तोवर बराचसा ओस पडलेला होता. आज तिथे पालख्या, हौदे, मारवाडी लघुचित्रं, शस्त्रं इतक्या नेटकेपणाने मांडलेली आहेत की आपल्याकडच्या कुठल्याही गडाच्या कारभाऱ्यांनी एकदा जाऊन पाहावीत. २००७ पासून तिथे शरद पौर्णिमेच्या सुमाराला लोकसंगीताचा महोत्सव भरतो. लंगा आणि मांगणियार गायकांना त्यामुळे आपल्याच मुलखात मोठा मंच मिळाला. गावाच्या दुसऱ्या टोकाला उमेद भवन आहे. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून १९२९ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम १९४३ मध्ये पुरं झालं आणि पुढे त्याच्या एका भागात हॉटेल आलं.

पण गड म्हणजे नुसतं संग्रहालय नव्हे. ३० सप्टेंबर २००८ रोजी, नवरात्राच्या पहिल्याच दिवशी, मेहरानगढवरच्या चामुंडा मंदिराच्या वाटेवर पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तिकीट काढून येणाऱ्यांची सोय पाहताना दर्शनाला येणाऱ्यांची वाट किती अरुंद राहिली, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो विचारत राहायला हवा.

याच न्यासाने नागौरचा अहिछत्रगढही सावरला. तिथल्या पाटांची, हौदांची, कारंज्यांची जुनी व्यवस्था मोकळी करून पुन्हा चालती केली, आणि २००२ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. मराठी माणसाने इथे जरूर थांबावं. १७५५ मध्ये नागौरला वेढा घालून बसलेल्या जयाप्पा शिंद्यांना मारेकऱ्यांनी इथेच छावणीत गाठलं.

जैसलमेरची गोष्ट निराळी आणि जास्त काळजीची. लोदुर्व्याहून राजधानी हलवून रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर गड वसवला. उंटांच्या तांड्यांच्या व्यापारावर तो श्रीमंत झाला, समुद्रमार्ग वाढल्यावर खंगला, आणि फाळणीने उरलीसुरली वाटही बंद केली. मग १९६५ च्या युद्धाने सीमेचं महत्त्व वाढवलं आणि रस्ते आले, रेल्वे आली. सत्यजित राय यांचा याच गडावर घडणारा ‘सोनार केल्ला’ १९७४ मध्ये पडद्यावर आला आणि बंगाली प्रवाशांची रीघ लागली. १९७९ पासून वाळवंट महोत्सव भरू लागला, १९८२ मध्ये ‘पॅलेस ऑन व्हील्स’ धावू लागली. दोन दशकांत गावाचं नशीब पालटलं.

आणि त्याबरोबर गडावर पाणी आलं. वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस न पडणारा हा मुलूख. खालच्या गडीसर तलावातून डोक्यावर घागरी आणून घर चालायचं. सांडपाणी उघड्या गटारांतून वाहून सुकून जायचं. नळ आले, गडावरच्या हवेल्यांची लॉज झाली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आलं. ते सारं पाणी मुरायचं कुठे? टेकडीच्या आत. वर वालुकाश्म, खाली पाण्याने फुगणारी, भुसभुशीत होणारी माती, आणि तटाचे दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले. नव्वदच्या दशकात बुरूज ढासळू लागले. जागतिक वारसा-संस्थांनी धोक्याच्या यादीत नाव घातलं, गटारं नव्याने टाकली, राणीच्या महालासारख्या काही वास्तू सावरल्या. २०१३ मध्ये राजस्थानच्या आणखी पाच गडांबरोबर जैसलमेर युनेस्कोच्या यादीत गेलं. तरी २०२४ च्या ऑगस्टात जोराच्या पावसात तटाचा एक भाग पुन्हा खाली आला.

सुमारे ३,००० माणसं आजही या गडात राहतात. त्यांना उठवून गड मोकळा करावा, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. भांडी घासण्याचे आवाज आणि जैन मंदिरातल्या घंटा यांच्यामुळेच हा गड गड आहे. त्या मंदिरांखालच्या ज्ञानभांडारात ताडपत्रांवरच्या पोथ्या शतकानुशतकं टिकल्या त्या कोरड्या हवेमुळे. घरं राहू द्यावीत, लॉज खाली उतरवावीत.

बिकानेरचा जुनागढ मात्र या सगळ्यातून सुखरूप आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी राजा रायसिंहांनी तो सपाट जमिनीवर बांधला, आणि पुढे दरबार लालगढला गेल्यामुळे आतले महाल जसेच्या तसे राहिले.

सर्वांत दुर्लक्षित आहेत ती मंदिरं. जोधपूरहून दीडेक तासावरच्या ओसियांत आठव्या शतकापासूनची प्रतिहारकालीन देवळं आहेत. पुणे, नगर, खानदेशातली ओसवाल कुटुंबं हे आपलं मूळगाव मानतात आणि सच्चियाय मातेला येतात. बाकीच्या सहलींच्या कार्यक्रमात ओसियां क्वचितच असतं. बाडमेरजवळचं किराडू तर त्याहून एकाकी. तिथल्या सोमेश्वराच्या शिल्पकामापुढे हवेल्यांची नक्षी फिकी वाटते.

दिवाळीच्या सुटीत तिकडे जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला माझं सांगणं एवढंच: जैसलमेरचा गड दिवसभर पाहा, तिथे चहा प्या, दुकानदारांकडून खरेदी करा, पण मुक्काम खाली गावात करा. आणि सहल ठरवताना ओसियांसाठी एक सकाळ मागून घ्या.