मार्गदर्शक पारखून घ्या, कोरे पत्र पाठवू नका



आपल्या भागातली पोरं-पोरी आता एम.एस्सी.वर थांबत नाहीत. उसाच्या पैशावर शिकलेली ही पिढी पीएच.डी.चे नाव काढू लागली आहे. घरच्यांना वाटते, विद्यापीठात नंबर लागला म्हणजे गंगेत घोडे न्हाले. पण तसे नाही. संशोधनात विद्यापीठाच्या नावाइतकेच, किंबहुना जास्तच, महत्त्व मार्गदर्शक कोण मिळतो याला आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

गुरू कसा करावा, हे पुणतांबेकरांना बाहेरच्याने सांगायला नको. चांगदेव महाराजांची समाधी आपल्याच गोदाकाठी आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान, ज्ञानाने थोर. मग मायना काय लिहावा, असा पेच पडून चांगदेवांनी कोरे पत्र पाठवले, ही कथा लहानपणापासून आपण ऐकतो. ज्ञानदेवांनी त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, आणि अखेर चांगदेवांनी गुरू केले ते वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईंना. दोन गोष्टी यातून घ्याव्यात. गुरू वयावर आणि हुद्द्यावर ठरत नाही. आणि कोऱ्या पत्राला उत्तर देणारे ज्ञानदेव सगळीकडे भेटत नाहीत!

आधी चौकशी

बेणे घेताना आपण काय करतो? नऊ ते अकरा महिन्यांचा निरोगी प्लॉट बघतो, कांडी हातात घेऊन डोळा तपासतो. आडसाली उसाचा मामला दीड वर्षाचा. पीएच.डी.चा किमान तीन वर्षांचा, आणि पाच-सहा वर्षे सहज जातात. मग इथे डोळे मिटून कसे चालेल?

‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध वाचायला मिळतात. त्या मार्गदर्शकाचे किती विद्यार्थी पार पडले, कोणत्या विषयात, हे तिथे बघावे. मग तिथे काम करणाऱ्या दोघा-तिघा विद्यार्थ्यांना एकट्याने गाठून विचारावे : सर किंवा बाई आठवड्याला भेटतात का? लिहिलेले वाचून परत देतात का? अर्ध्यावर सोडून किती गेले, आणि का गेले? घरची कामे तर सांगत नाहीत ना? पोरं थेट बोलत नसतील, तर गप्प बसण्यावरूनही कळते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी अशी मर्यादा आहे. म्हणून जागा आहे का, निवृत्ती किती वर्षांवर आहे, हेही विचारावे. कृषी विद्यापीठांचे नियम वेगळे असतात. आपल्याच रेल्वेमार्गावरच्या राहुरीला जाऊन ते समजून घ्यावेत.

मग अर्ज

‘आदरणीय महोदय, मला आपल्याकडे संधी द्यावी’ एवढेच लिहून पन्नास जणांना एकच पत्र धाडणे म्हणजे कोरे पत्रच. त्या व्यक्तीचे एक-दोन शोधनिबंध वाचावेत. त्यातले काय भावले, आपण एम.एस्सी.ला कोणते काम हाताने केले, कोणता प्रश्न सोडवावासा वाटतो, हे एका पानात लिहावे. गुणपत्रक सोबत जोडावे. नेट-जेआरएफ झाली असेल तर ते आधी सांगावे. २०२३ पासून तिचे विद्यावेतन दरमहा ३७,००० रुपये झाले. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण द्यावी. त्यात कमीपणा नाही.

नकार आला तरी खचू नये. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ बाई म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नाही म्हटले. त्या हटल्या नाहीत. वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि श्रीनिवासय्या यांच्यासारखा कडक पण मनापासून शिकवणारा गुरू लाभला. पुढे केंब्रिजला आधीचे मार्गदर्शक दुसरीकडे गेले, तेव्हा त्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या आणि १९३९ साली डॉक्टर झाल्या. तेव्हा मुलीच्या बापांनी हे ध्यानात ठेवावे.

घरच्यांसाठी

पोरगं सुट्टीला आलं की ‘कधी संपणार रे तुझं?’ एवढंच विचारू नका. काम काय चाललंय, गुरू कसे आहेत, ते विचारा. मार्गदर्शकाशी जमत नसेल तर पहिल्या वर्षातच बदलाची वाट शोधता येते. चौथ्या वर्षी फार जड जाते. पोराने ते घरी मोकळेपणी सांगावे, अशी आपली बोली असली पाहिजे. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून आलेला फुले २६५ ऊस आपल्या रानात उभा राहिला, तो अशाच कुणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या कामातून. पुढचे वाण काढणारे हात आपल्या सभासदांच्या घरातले असावेत, एवढीच आमची इच्छा.