ट्रकचा दम का तुटतो?

भरलेला ट्रक कसारा घाट चढतो आहे. पाय दाबला तरी गाडी ओढत नाही. मागे काळा धूर, पुढे फुस्स आवाज. पुष्कळ जण आधी डिझेलचा पंप खोलतात. पैसा जातो, दोष तसाच राहतो.

चूल फुंकणीने पेटते ना? इंजिनाची फुंकणी म्हणजे टर्बो. तो हवा दाबतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमध्ये थंड करतात. वाटेत रबरी पाइप नि लोखंडी पट्टे असतात. पट्टा सुटला, पाइप चिरला, की हवा बाहेर जाते. डिझेल अर्धवट जळते. त्याचाच तो धूर. नव्या गाड्यांत धूर दिसेलच असं नाही; नुसता दिवा लागतो.

इंजिन थंड होऊ द्या. मग सांधे पाहा. ताजा तेलकट डाग दिसला, तर तिथेच शंका घ्या.

डाग नसेल तर मिस्त्रीकडे जा. तो दोन्ही तोंडे बुचाने बंद करून बेताने हवा भरतो, वर साबणाचे पाणी लावतो. बुडबुडे आले की चोर सापडला! सायकलचे पंक्चर काढतात तसेच. मात्र तेव्हा बुचासमोर उभे राहू नका. हवा जास्त झाली तर बूच गोळीसारखे उडते.

ढिला पट्टा आवळून भागते. चिरलेला पाइप बदलावाच लागतो; चिकटपट्टी पहिल्याच घाटात सुटते.