आभासी नेटवर्क-कार्यांचे मोजमाप

फोनची नोंदणी करणे, ग्राहकाची ओळख पटवणे, डेटा योग्य वाटेने पुढे धाडणे ही कामे पूर्वी खास त्यासाठी घडवलेली यंत्रे करीत. २०१२ साली दूरसंचार कंपन्यांनी 'एत्सी' या युरोपीय मानकसंस्थेच्या छत्राखाली ती सर्वसाधारण सर्व्हरवरील सॉफ्टवेअरकडे, म्हणजेच आभासी नेटवर्क-कार्यांकडे, सोपवण्याची कल्पना मांडली. स्वतंत्र यंत्राची क्षमता एकदा मोजली की बहुधा भागत असे. परंतु एकाच सर्व्हरवर अनेक कार्ये नांदू लागली की प्रोसेसरला वाटेकरी येतात आणि शेजाऱ्याने जोर धरताच आपले कार्य मंदावते. म्हणून २०१७ च्या आरएफसी ८१७२ या दस्तऐवजाने खालच्या सर्व्हरची रचनाही नोंदवण्यावर भर दिला.

मे महिन्यात पसरणीचा घाट चढून पर्यटक पाचगणीत येतात, तेव्हा असंख्य फोन आपले नवे ठिकाण नेटवर्कला थोड्याच वेळात कळवतात. अशा लोंढ्यात सरासरी विलंब फसवा ठरतो, आणि सर्वांत मंद एक टक्का विनंत्यांना किती वेळ लागला हे पाहणे अधिक प्रामाणिक असते. नेटवर्कचा गाभा सुमारे १०० किलोमीटरवरील पुण्यात आहे असे धरले, तरी प्रकाशतंतूतून किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद या हिशेबाने जाऊन-येऊन जेमतेम एक मिलिसेकंद जातो. उरलेला विलंब रेडिओचा, मार्गातील यंत्रणेचा अथवा सॉफ्टवेअरचा. रस्त्यावर फोनने केलेली चाचणी या सर्वांची बेरीजच दाखवते. कार्याचा दोष वेगळा काढायचा, तर मोजमाप सर्व्हरच्या दारातच करावे लागते.