साक्षीदाराचा धंदा आणि उघडे न्यायालय

न्यायालयाचे दार उघडे असावे, हे तत्त्व सर्वांनाच मान्य असते. ते किती उघडे असावे, या प्रश्नापाशी मतभेद सुरू होतात. १९६४ साली मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न एका साक्षीदाराने उपस्थित केला. ‘ब्लिट्झ’चे संपादक करंजिया यांच्यावर उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांनी बदनामीबद्दल तीन लाख रुपयांच्या नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला होता. त्यात साक्षीस आलेला एक व्यापारी म्हणाला, की मागील साक्षीचा वृत्तान्त छापून आल्याने आपल्या धंद्याला खोट बसली. आताची साक्ष तरी छापली जाऊ नये. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी ही विनंती मान्य केली. आदेश तोंडीच होता. तो लेखी द्यावा, ही मागणी त्यांनी मानली नाही. पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अध्वर्यू ठरलेल्या तारकुंड्यांच्या मुखातून हा आदेश निघावा, हा एक चमत्कारिक योगच म्हणावयाचा!

नरेश श्रीधर मिरजकर व अन्य पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांचे अर्ज फेटाळले. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या वतीने सांगितले, की खुली सुनावणी हा नियम खराच. परंतु ती न्यायदानासाठी असते, आणि न्यायदानालाच बाध येत असेल तर ती मर्यादित करण्याचा अंगभूत अधिकार न्यायालयास आहे. शिवाय ही बंदी खटला चालू असेपर्यंतचीच आहे, असा तिचा अर्थ लावण्यात आला. एकट्या न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी भिन्न मत नोंदविले. साक्षीदाराच्या धंद्याचे नुकसान हे साक्ष दडपण्यास पुरेसे कारण त्यांना वाटले नाही.

या वादात हिदायतुल्लांची बाजू अधिक भक्कम दिसते. गोपनीयतेचे सगळे दावे एका मापाने मोजता येत नाहीत. औषधाच्या कारखान्याचे सूत्र दाव्याच्या कामात प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडले, तर निकाल लागण्यापूर्वीच वादी हरतो; अशा ठिकाणी संरक्षण हवेच. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या मूळ शाखा नियमांत त्यासाठी ‘गोपनीयता मंडळा’ची तरतूद आहे : असे कागद दोन्ही बाजूंचे मोजके वकील व बाहेरचे तज्ज्ञ यांनीच पाहावयाचे. पण मुंबईच्या त्या व्यापाऱ्यापाशी असे कोणते सूत्र होते? आपण शपथेवर काय बोललो हे गिऱ्हाइकांना कळू नये, एवढीच त्याची इच्छा होती. आणि बदनामीच्या दाव्यात कोण काय बोलले, हाच तर लोकांच्या आस्थेचा विषय असतो.

२०१२ साली सहारा विरुद्ध सेबी या प्रकरणात एका पक्षाच्या वकिलाने दुसऱ्या पक्षाच्या वकिलाकडे पाठविलेला प्रस्ताव दूरचित्रवाणीवर झळकला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा पाच न्यायमूर्तींपुढे आला. मिरजकर निर्णयाचा आधार त्यांनी सोडला नाही. मात्र प्रसिद्धी पुढे ढकलण्याचा आदेश खरोखर आवश्यक असेल, अन्य उपाय पुरा पडत नसेल, तेव्हाच आणि अल्पकाळापुरताच द्यावा, अशी अट त्यांनी घातली. या कसोटीवर तारकुंड्यांचा तो तोंडी आदेश उतरला असता काय, याची शंकाच आहे.