'बोगी' शब्दाचे अर्थांतर

मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या लोहमार्गावरील प्रवाशाच्या बोलण्यात 'बोगी' म्हणजे डबा. मूळ इंग्रजीत मात्र बोगी म्हणजे डबा नव्हे. डब्याच्या खाली बसविलेला, मधल्या खुंट्यावर वळणारा चाकांचा गाडा होय. या गाड्याचे नाव डब्याला कसे लाभले, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

प्रथम वस्तूचा विचार करू. रेल्वेवर या गाड्याचा प्रसार मुख्यतः अमेरिकेत झाला. तेथील रूळ घाईने व हलक्या बांधणीचे घातलेले असत, वळणेही तीव्र असत. ताठ आसांचे इंग्लिश इंजिन त्यांवरून घसरे. १८३२ साली जॉन जर्विस याने इंजिनाच्या पुढील भागाखाली वळता चारचाकी गाडा बसविला. त्याच दशकात बाल्टिमोर-ओहायो मार्गावर असे दोन गाडे लावलेले लांब, आठचाकी प्रवासी डबे धावू लागले. अमेरिकेत या गाड्याला 'ट्रक' म्हणतात; 'बोगी' हा शब्द उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. आपल्याकडे रेल्वे इंग्रजांची, म्हणून शब्दही त्यांचा आला. (अमेरिकेचा 'ट्रक' पुढे सडकेच्या वाटेने मराठीत शिरला, तो निराळ्या अर्थाने.)

जलंब-खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरांचा फाटा १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी सुरू झाला. अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला मोल आणले होते; तो कापूस ज्यांतून गेला त्या 'वॅगन'ला मराठीने 'वाघीण' करून टाकले. त्या काळी आपल्याकडील प्रवासी डबे इंग्लिश घडणीचे, आखूड, बहुधा चारचाकी असत. लांब डबे मागाहून आले, आणि जुन्यांहून त्यांचा भेद दाखविण्यासाठी इंग्रजीत त्यांना 'बोगी कॅरेज' म्हणत.

येथे दोन उपपत्ती संभवतात. पहिली लक्षणेची : अवयवाचे नाव अवयवीला लाभले. ती आकर्षक आहे, परंतु मला मान्य नाही. लक्षणेला मुख्यार्थाचे ज्ञान लागते. डब्याखालच्या गाड्याला बोगी म्हणतात हे सामान्य प्रवाशाला ठाऊकच नव्हते. दुसरी उपपत्ती उत्तरपदलोपाची. भीमसेनाचा जसा 'भीम', तशी 'बोगी कॅरेज'ची 'बोगी'. 'मोटारकार'मधील 'कार' गळून उरलेली 'मोटार' हे याचे अगदी जवळचे उदाहरण. तेथेही यंत्राच्या एका भागाचे नाव सबंध वाहनाला लाभल्याचा केवळ भास होतो.

पुढे चारचाकी प्रवासी डबे नाहीसे झाले आणि 'बोगी' हे विशेषण भेद दाखविण्याच्या कामाचे उरले नाही. 'डबा' व 'बोगी' पर्याय झाले. कारखान्यातील कारागीर मात्र मूळ अर्थ सोडावयास तयार नाही. त्याच्या लेखी प्रत्येक डब्याला दोन बोग्या असतात.