टर्बोचे दुखणे

कसाऱ्याचा घाट चढणारी भरलेली मालमोटार तुम्ही पाहिली असेल. एरवी सहज चढून जाणारी गाडी एके दिवशी पहिल्या गियरवर येते, काळा धूर ओकू लागते आणि मागे भोंग्यांचा गजर सुरू होतो. ड्रायव्हर मुक्कामाला पोचतो आणि फोनवर सांगतो, "शेठ, टर्बो गेला." आता हा शेठ म्हणजे पुष्कळदा नावाचाच शेठ. एकच गाडी, तीही कर्जाची, आणि आठवड्यातले तीन दिवस स्टिअरिंगवर तो स्वतःच. नव्या टर्बोची किंमत कानावर पडली की बँकेचा हप्ता त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अशा माणसाच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या चार गोष्टी सांगतो आहे.

पहिली गोष्ट ही, की 'टर्बो गेला' असे जितक्यांदा म्हटले जाते तितक्यांदा तो गेलेला नसतो. आणि खरोखर गेला असेल, तर तो सहसा आपल्या मरणाने मेलेला नसतो. घाणेरड्या तेलाने, तुंबलेल्या पाइपाने, नाहीतर फिल्टरमधून शिरलेल्या धुळीने त्याचा जीव घेतलेला असतो. ते कारण तसेच ठेवून वर नवा टर्बो बसवला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

मुळात हे यंत्र आहे तरी काय? एंजिनात जळून बाहेर पडणाऱ्या वायूत पुष्कळ उष्णता आणि जोर शिल्लक असतो. तो वाया का जाऊ द्यायचा, असा विचार आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियराने केला आणि 1905 साली त्याचे पेटंट मिळवले. कल्पना साधी आहे. एका आसाच्या दोन टोकांना दोन पंखे. एका पंख्यावर धुराचा झोत आदळतो व तो फिरतो. दुसरा त्याच आसावर असल्यामुळे फिरतो आणि बाहेरची हवा दाबून एंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते, म्हणून जोर जास्त. धुराकडचा पंखा निकेलच्या मिश्रधातूचा असतो, कारण त्याला सहा-सातशे अंश सेल्सियसची धग सोसायची असते. हवेकडचा पंखा साध्या ॲल्युमिनियमचा. दोघांत अंतर म्हणाल तर वीतभरही नाही.

आणि वेग? मालमोटारीचे एंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेते, त्याच वेळी ही करंगळीएवढी आस लाखाच्या आसपास फेरे घेत असते. एवढ्या वेगाला ती पेलते कोण? बहुतेक टर्बोंत छर्ऱ्यांचे बेअरिंग नसतेच. पितळी किंवा काशाचे दोन बुश असतात, तेही घट्ट बसवलेले नसतात. बुशाच्या आत तेलाचा पापुद्रा, बाहेरही तेलाचा पापुद्रा. मध्ये बुश तरंगतो आणि स्वतःही फिरतो. म्हणजे आसेला खरा आधार तेलाचा. हे एकदा ध्यानात आले, की पुढचे सगळे रोगनिदान आपोआप उलगडत जाते.

आता हेच पहा ना. गाडी बंद आहे, होज काढून एखादा मिस्त्री पंख्याचे टोक बोटांनी वरखाली हलवतो आणि म्हणतो, "बघा, प्ले आलाय. बदलायला पाहिजे." घाबरू नका. तेलाचा दाब नसताना तरंगत्या बुशात आस थोडी वरखाली हलणारच; नव्या टर्बोतही हलते. पाहायचे ते वेगळे. आस एका बाजूला दाबून धरा आणि पंखा हाताने फिरवा. पात्याची कड घराला घासते का? घराच्या आतल्या भिंतीवर घासल्याचे चकचकीत वण आहेत का? असतील तर बुश संपले. मग आस पुढेमागे ओढून पाहा. या दिशेची मोकळीक फार थोडी, बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत असते. बोटांना ठसठशीत टकटक लागली तर थ्रस्ट बेअरिंग झिजले असे समजा, आणि डायल गेज लावून तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याशी पडताळून पाहा.

पण इथवर येण्याआधी फुकटातल्या तपासण्या करून घ्या. काळा धूर आणि जोर कमी, एवढेच लक्षण असेल तर आधी एअर फिल्टर बाहेर काढा. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून एंजिनापर्यंतचे सगळे होज व क्लिपा पाहा. साबणाचे पाणी लावून एंजिन तापवा. जिथे फुगे येतील तिथे दाबलेली हवा पळते आहे. एखादी ढिली क्लिप निम्म्या टर्बोचा जोर खाऊन टाकते, आणि आवळायला पेचकस पुरतो.

निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. इथेही सगळे बोट टर्बोकडे दाखवतात. खरी गोष्ट अशी, की टर्बोचे सील रबराचे नसते. पिस्टनला असतात तशा बारीक धातूच्या रिंगा असतात. हवेचा दाब बाहेरून आत ढकलतो म्हणून तेल आत राहते, आणि वापरलेले तेल नुसत्या उताराने खाली चेंबरात परत जाते. परतीचा पाइप चेपला, तुंबला, किंवा एंजिनाचा ब्रीदर बंद होऊन चेंबरात दाब वाढला, तर तेलाला खाली जायला वाट राहत नाही आणि ते रिंगांवरून पंख्याकडे पाझरते. फिल्टर तुंबला तर हवेकडचा पंखा तेल ओढून घेतो. टर्बो ठणठणीत, तरी निळा धूर! म्हणून परतीचा पाइप व ब्रीदर पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

तेलाच्या गळतीकडे दुर्लक्ष मात्र कधीच करू नये, आणि ते पैशांमुळे नव्हे. डिझेल एंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत इंधन पडले की ते पेटते, आणि ते इंधन डिझेलच हवे अशी काही त्याची अट नाही. टर्बोतून भळभळा तेल आत जाऊ लागले तर एंजिन त्या तेलावरच पळत सुटते. चावी बंद केली तरी थांबत नाही, आवाज वाढतच जातो. गाडी चालती असेल तर क्लच दाबू नका, वरच्या गियरात ठेवून ब्रेक घट्ट दाबा आणि एंजिन मारा. उभी असेल तर हवेचे तोंड जाड फळीने बंद करता आले तर करा. हात किंवा फडके तिथे नेऊ नका. ते जमत नसेल तर लांब व्हा; एंजिन गेले तरी चालेल.

बरे, तपासण्या झाल्या, आणि टर्बो खरोखरच झिजला आहे. तर उघडू या. दोन्ही बाजूंची शंखासारखी घरे मधल्या भागावर कशी बसली होती त्याच्या खुणा पंचने आधीच करा. हवेकडच्या पंख्याचा नट काढताना थांबा. अनेक टर्बोंत त्याचे आटे उलटे असतात, आणि जोर लावून आस वाकवली की संपलेच. आस, पंखा आणि नट यांच्यावरही एका रेषेत खूण करा. सगळे भाग रॉकेलमध्ये भिजत घाला, मऊ ब्रशने घासा. पात्यांवर तारेचा ब्रश किंवा एमरी पेपर चालवू नका, आणि ॲल्युमिनियमला कॉस्टिकचे पाणी दाखवू नका.

आता हिशेबाची घडी. बुश, थ्रस्ट बेअरिंग, रिंगा, सर्क्लिपा, ओ-रिंग, पॅकिंग एवढे सामान किटमध्ये मिळते आणि ते परवडते. महाग आहे ती धुराकडच्या पंख्यासकटची आस. तिच्यावर नखाला लागणारे ओरखडे नाहीत, ती निळी पडलेली नाही, मायक्रोमीटरचे माप बरोबर आहे आणि एकही पाते तुटलेले नाही, तर किट घाला. आस गेली असेल, किंवा बुश बसतात ते मधल्या भागाचे भोकच मोठे झाले असेल, तर किटवर पैसा घालू नका. मग अख्खा कोअर, म्हणजे दोन्ही पंख्यांसह मधला भाग, बॅलन्सिंगच्या चिठ्ठीसकट घ्यावा. कुर्ल्याच्या भंगारात जुना टर्बो स्वस्त मिळेल, नाही असे नाही. पण वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा तिथेच, दुकानदारासमोर करा.

बॅलन्सिंगवर काटकसर करू नये, असे मी हट्टाने सांगतो. पंखा सहा सेंटिमीटर व्यासाचा धरा. त्याच्या कडेला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे, म्हणजे ग्रॅमचा शंभरावा भाग, वजन जास्त असले तर लाख फेऱ्यांच्या वेगाला ते आसेला सुमारे तीन किलोच्या जोराने बाहेर खेचते, तेही दर फेऱ्याला दिशा बदलत. तेलाचा पापुद्रा ते किती दिवस सोसणार? हे काम घरी होत नाही. यंत्र असलेल्या कारखान्यातच करून आणा, मग गाडी दोन दिवस जास्त उभी राहिली तरी चालेल.

मी स्वतः काटकसर केली ती वेगळ्याच जागी. ओळखीच्या एका गाडीमालकाचा टर्बो मी उघडला, किट घातले, बॅलन्सिंग करून आणले. तेल आणणारा पाइप मात्र फुंकून पाहिला. फुंकर आरपार गेली, म्हणून तोच परत लावला. नवव्या दिवशी गाडी इगतपुरीच्या अलीकडे उभी! उघडून पाहतो तो आस निळी आणि बुश घासून पातळ झालेले. पाइप करवतीने उभा चिरला तेव्हा माझी चूक दिसली. आतून कोळशाचा थर चढलेला, जुन्या धुराड्यासारखा. वाट उरली होती गव्हाच्या काडीएवढी. घाट चढून आल्याबरोबर एंजिन बंद करायची सवय असली की तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल करपते आणि असा थर धरते. मजुरी मी परत केली. पण त्याचे हुकलेले भाडे मी कुठून भरून देणार होतो? त्या महिन्याचा हप्ता त्याने बायकोची पाटली गहाण ठेवून भरला, हे मला नंतर तिसऱ्याकडून कळले.

तेव्हा तेलाचा पाइप नवा घाला. एंजिनाचे तेल व फिल्टर बदला. हवेकडचे पाते तुटले असेल तर इंटरकूलर उतरवून धुवा; ॲल्युमिनियमचे तुकडे त्यात दडून बसतात. तेलाच्या जोडांवर सिलिकॉनची पेस्ट लावू नका, तिची लोंबणारी कड तुटून नेमकी भोकात अडकते. बसवताना टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल ओता आणि पंखा हाताने फिरवा. डिझेल बंद ठेवून, परतीच्या पाइपातून तेल येईपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारा. मगच एंजिन सुरू करा, आणि चार-पाच मिनिटे रेस न देता चालू द्या. पुढे रोज, भार ओढून आल्यावर दोन मिनिटे एंजिन तसेच चालू ठेवून मग चावी काढा.

शंभर-दीडशे किलोमीटर झाले की क्लिपा पुन्हा आवळा आणि हवेकडचा होज काढून आत बोट फिरवा. नुसता ओशटपणा लागला तर तो ब्रीदरच्या वाफेचा, त्याची काळजी नको. बोटावरून थेंब ओघळला, तर गाडी भाड्याला न पाठवता परतीच्या पाइपापासून पुन्हा पाहायला लागा.